बाहेरचा पैसा आणि अमेरिकी सेनेट

उमेदवाराशी किंवा त्याच्या पक्षाशी सल्लामसलत न करता एखाद्या गटाने त्याच्या बाजूने वा विरुद्ध स्वतःच्या पैशाने केलेल्या प्रचाराला अमेरिकेच्या निवडणूक कायद्यात ‘स्वतंत्र खर्च’ म्हणतात. वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यानंतर, १९७४ साली, काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, अशा खर्चावर उमेदवारागणिक वर्षाला एक हजार डॉलरची मर्यादा घातली होती. परंतु १९७६ च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून रद्द केली आणि उमेदवाराला थेट मिळणाऱ्या देणग्यांवरील मर्यादा तेवढी राखली.

या मुभेचे बळ १९८० मध्ये दिसले. ‘नॅशनल कॉन्झर्व्हेटिव्ह पोलिटिकल ॲक्शन कमिटी’ या परंपरावादी समितीने ज्या सहा डेमोक्रॅट सेनेटरांविरुद्ध प्रचार चालवला, त्यांपैकी जॉर्ज मॅकगव्हर्न, फ्रँक चर्च, बर्च बाय आणि जॉन कल्व्हर हे चौघे पराभूत झाले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार रेगन यांची लाट होती, त्यामुळे सारे श्रेय समितीला देता येत नाही, तरी तिचा धाक बसला तो बसलाच.

पुढे सेनेटमध्ये वाढलेल्या पक्षीय दुहीचा सगळा दोष या पैशावर टाकणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतील परंपरावादी गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे गेले आणि दोन्ही पक्षांतील मधल्या विचारांचे सदस्य विरळ होत गेले. जे उरले, त्यांच्या मागे पैशाचा ससेमिरा लागला आणि तो विरोधी पक्षाकडून नव्हे, तर ‘प्रायमरी’त, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, जेथे थोडे आणि कट्टर मतदार येतात.

२०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्या व कामगार संघटनांना स्वतंत्र खर्चाची मोकळीक दिली आणि त्यापाठोपाठ अमर्याद देणग्या घेणाऱ्या ‘सुपर पॅक’ समित्या उभ्या राहिल्या. याचा फटका बसलेले इंडियानाचे रिपब्लिकन सेनेटर रिचर्ड लुगर यांनी डेमोक्रॅट सॅम नन यांच्यासह १९९१ मध्ये सोव्हिएत अण्वस्त्रे मोडीत काढण्याचा कायदा घडवला होता. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नेमलेल्या न्यायमूर्तींच्या बाजूने सेनेटमध्ये मत दिल्याचा ठपका त्यांच्यावर आला, ‘क्लब फॉर ग्रोथ’सारख्या परंपरावादी गटांनी त्यांच्याविरुद्ध पैसा ओतला आणि २०१२ च्या प्रायमरीत, ३६ वर्षांच्या कारकिर्दीनंतर, ते हरले. त्यांना हरवणारे रिचर्ड मर्डॉक नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट उमेदवाराकडून पराभूत झाले, म्हणजे पक्षाची जागाही गेली. युटाचे रिपब्लिकन सेनेटर ऑरिन हॅच मात्र त्याच वर्षी टिकले. आपले सहकारी बॉब बेनेट यांना २०१० मध्ये पक्षाच्याच अधिवेशनात उमेदवारी गमवावी लागली होती, हे पाहिल्यापासून ते अधिक उजवीकडे झुकून मतदान करू लागले होते.