स्वस्त दुकानाची किंमत

कुंभकोणम् म्हटले की महामहम् तलाव आठवतो, विड्याची पाने आणि पितळेची भांडी आठवतात. मराठी श्रोत्यांना आणखीही एक नाते आठवावे. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. तेव्हापासून 1799 पर्यंत, काही खंड वगळता, हा कावेरीकाठचा मुलूख मराठी राज्यात होता. आज मात्र आपण राजवाडा सोडून या गावाच्या बाजारपेठेत जाऊ.

या पेठेतील एका लुगड्यांच्या दुकानात श्रीनिवास अय्यंगार हे गुमास्ते होते. थोर गणिती रामानुजन् यांचे ते वडील. पगार महिना सुमारे 20 रुपये. अशा प्राप्तीच्या संसाराला जुन्या बाजारात दोन अडचणी असत. एक, भाव पाटीवर लिहिलेला नसे. तो गिऱ्हाईक पाहून ठरे. घासाघीस साधणाऱ्याला माल स्वस्त पडे आणि भिडस्ताला महाग. दुसरी अडचण उधारीची. वाण्याच्या वहीत ज्याच्या नावावर बाकी, त्याने तराजूच्या काट्याकडे निरखून कसे पाहावे?

1904 साली रामानुजन् कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात दाखल झाले. त्याच वर्षी मद्रासेत, ट्रिप्लिकेन भागात, ग्राहकांचे एक सहकारी भांडार निघाले. त्याचा आदर्श होता इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या कारागिरांचा. 1844 साली त्यांनी स्वतःचे दुकान मांडले होते. माल निर्भेळ, माप पुरे, व्यवहार रोखीचा आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, असे त्यांचे नियम. मुंबईत नायगावच्या कामगारांनी 1948 साली हीच वाट धरली. त्यांचे भांडार पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घरोघरी ठाऊक झाले.

1916 साली अमेरिकेत मेंफिस येथे आणखी एक पाऊल पडले. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन फळीवरचा माल स्वतःच उचलावा, अशी सोय झाली. नोकर कमी लागले, खर्च घटला. आजच्या सुपरमार्केटचे हे मूळ. तेथे भिडस्ताला आणि बोलक्याला भाव एकच. ही समता लहान नव्हे.

परंतु त्या रोखीच्या नियमालाही एक किंमत आहे. वाणी उधारीने बांधून ठेवी, हे खरे. पण महिनाअखेरीस तोच दोन शेर तांदूळही देई. गल्ल्यावरचे यंत्र कोणाची अडचण ओळखत नाही. तामिळनाडूने ही उणीव रेशनच्या दुकानांनी भरून काढण्याचा यत्न केला. तेथे गरीब-श्रीमंत असा भेद न करता शिधापत्रिका दिल्या जातात आणि बहुतेक दुकाने सहकारी संस्था चालवितात. 2011 पासून तांदळाच्या पत्रिकेवर तांदूळ विनामूल्य मिळू लागला.

म्हणून स्वस्त दुकानाची पारख दोन दिवशी करावी. पगाराच्या दिवशी त्याचे माप पाहावे, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी, हातात पैसा नसलेला माणूस तेथून काय घेऊन परततो, ते पाहावे.