दुसरे मत



निवडणुकीचा जाहीरनामा ही वस्तू मोठी अल्पायुषी असते. मतदानाच्या दिवसापर्यंत तो भिंतीवर असतो. दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. त्यातून निवडणूक पोटनिवडणूक असेल, पक्ष लहान असेल आणि उमेदवार पराभूत झाला असेल, तर त्याची आठवण ठेवण्याचे कोणास कारण उरत नाही. तथापि अशाच एका पराभूत उमेदवाराच्या भूमिकेकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. निवडणूक भंडाऱ्याची, साल १९५४, पक्ष शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि उमेदवार डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष ज्या पक्षाचे पुढारी, त्या पक्षास लहान म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु आकडे निष्ठुर असतात. १९४२ साली नागपुरास स्थापन झालेल्या या पक्षाचे पहिल्या लोकसभेत अवघे दोन सभासद निवडून आले होते, आणि त्या दोघांत स्वतः बाबासाहेब नव्हते.

ही पोटनिवडणूक का झाली, ती हकीकतही ऐकण्यासारखी आहे. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात मोडत असे. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. परंतु सर्वसाधारण जागेवरील विजयी उमेदवार एका विडी कारखानदार पेढीचे भागीदार होते, आणि ती पेढी सैनिकांच्या उपाहारगृहांसाठी सरकारास विड्या पुरवीत असे. सरकारशी कंत्राट असलेल्या माणसास निवडणुकीस उभे राहता येत नाही, हा कायदा त्यांना आडवा आला. दुसरा मुद्दा राखीव जागेचा. महार समाजातील एका गृहस्थांचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेले आहेत, सबब महार राहिले नाहीत, असे म्हणून नाकारण्यात आला होता. चक्रधरस्वामींच्या पंथाची दीक्षा घेतल्याने मनुष्याची जात सुटते काय, असा प्रश्न अशा रीतीने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने १९५४ च्या फेब्रुवारीत निर्णय दिला की, ते महारच राहिले होते. अर्ज नाकारणे चुकीचे होते. सबंध निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या.

दोन्ही जागा एकदम, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढील सारी कथा तीवरच उभी आहे. आज एका मतदारसंघातून एकच सभासद निवडला जातो. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मात्र काही मतदारसंघ दुहेरी होते. एक जागा सर्वांस खुली, दुसरी अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या उमेदवारासाठी राखून ठेवलेली. प्रत्येक मतदारास दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे, आणि मतदार आपली एकेक मतपत्रिका एकेका पेटीत टाकी. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर एक बाद होई. दुसरे मत असे जाणूनबुजून फुकट घालविण्यास ‘मत कुजविणे’ हा शब्द त्या काळी रूढ झाला.

मत कुजवून कोणाचा लाभ? वर्गात फळ्यावर दोन चौकोन काढून हे मी अनेकदा समजावून सांगितले आहे. आज फळ्यावाचून सांगतो. मोजणीत प्रथम अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी ज्यास सर्वांत अधिक मते, त्यास राखीव जागा मिळे. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत जो पुढे, त्यास खुली जागा. आणि या उरलेल्यांत राखीव जागेवर हरलेला उमेदवारही धरला जाई. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे असेच झाले. दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांकडे गेल्या, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले आणि न्यायालयानेही तो निकाल कायम केला. सारांश, आपल्या माणसास एक मत देऊन दुसरे कोणासच न देणे, हा आपला माणूस निवडून आणण्याचा एक पक्का हिशेब होता.

आता उमेदवाराच्या भूमिकेकडे वळू. फेडरेशनचा जाहीरनामा १९५१ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला होता. त्यात मागासलेल्या वर्गांचे उच्च शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांचा आग्रह होता, हे अपेक्षितच. परंतु त्याचबरोबर भाषावार प्रांतरचना, विम्याच्या धंद्याचे राष्ट्रीयीकरण, यांत्रिक व मोठ्या प्रमाणावरील शेती आणि संततिनियमन हीही कलमे होती. सरकारास पैसा कोठून मिळावा, याचे उत्तरही त्यात होते: दारूबंदी उठवावी आणि मिठावरील कर पुन्हा बसवावा. ज्या देशाने १९३० साली मिठासाठी तुरुंग भरले आणि ज्या देशात तो कर १९४७ साली रद्द झाला, तेथे मतदारांपुढे जाऊन तोच कर मागणे, हे मतांचा हिशेब करणाऱ्या माणसाचे लक्षण नव्हे. हा जाहीरनामा मते मिळविण्यासाठी लिहिलेला नव्हता. जे योग्य वाटले ते सांगण्यासाठी लिहिलेला होता. भंडाऱ्याच्या प्रचारसभांतही पंडित नेहरूंच्या परराष्ट्रधोरणावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली. लोकांस त्या वेळी अप्रिय वाटेल म्हणून मुद्दा गाळावा, हा त्यांचा स्वभाव नव्हता.

परंतु या भूमिकेची खरी कसोटी जाहीरनाम्यात न छापलेल्या प्रश्नावर लागली. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात बाबासाहेबांचा १४,००० हून अधिक मतांनी पराभव झाला होता. त्या निवडणुकीत ७४,००० हून अधिक मते बाद ठरली. त्यांच्याबरोबर त्याच मतदारसंघात पराभूत झालेले समाजवादी पुढारी अशोक मेहता आणि ते, अशा दोघांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. विरोधकांनी मते कुजविण्याचा प्रचार केला, ही त्यांची तक्रार होती. अर्जास यश आले नाही.

दोन वर्षांनी भंडाऱ्यास तेच अशोक मेहता प्रजा समाजवादी पक्षातर्फे खुल्या जागेस उभे, आणि राखीव जागेस बाबासाहेब. या वेळी मते कुजविण्याची युक्ती त्यांच्याच कार्यकर्त्यांच्या मनात आली. राखीव जागा हातची गेली, तरी दुसरी मते मेहतांस न गेल्यास खुली जागा साहेबांस मिळेल, हा हिशेब चुकीचा नव्हता. त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून बाबासाहेबांचे उत्तर आपल्यापर्यंत आले आहे. पराभव झाला तरी चालेल, पण मत कुजवू नका. ज्याने घटना लिहिली, त्यानेच तिने दिलेले मत वाया घालविण्यास सांगावे, हे होणार नाही, असा त्याचा आशय होता.

मे महिन्यात मतदान झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. खुल्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेबांचा क्रम तिसरा लागला. ज्या मतांच्या बळावर ते कदाचित लोकसभेत गेले असते, ती मते त्यांच्याच शब्दाने पेटीत योग्य जागी पडली होती. लोकसभेत ते पुढे कधीच गेले नाहीत. अडीच वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले.

त्या जाहीरनाम्याचे पुढे काय झाले? आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले. भाषावार राज्यरचनाही त्याच वर्षी झाली. भंडारा मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दुहेरी मतदारसंघ १९६१ साली कायद्याने बंद झाले. मिठावरील कर मात्र परत आला नाही. काही कलमे काळाने उचलली, काही टाकून दिली; कोणत्याही जाहीरनाम्याचे असेच होते.

पाठ्यपुस्तकात या पोटनिवडणुकीस जागा असली तर ती एका ओळीची: डॉ. आंबेडकर पराभूत झाले. ती ओळ खोटी नाही, परंतु अपुरी आहे. १९५२ साली जो मार्ग त्यांनी विरोधकांस निषिद्ध मानला, तो १९५४ साली स्वतःच्या लाभाचा असूनही त्यांनी निषिद्धच मानला. अन्याय आपणावर होतो तेव्हा नियमाची आठवण सर्वांसच होते; तोच नियम आपल्या विजयाच्या आड येतो तेव्हा ती आठवण ज्यास राहते, त्याची भूमिका खरी म्हणावी. आज आपल्या प्रत्येकाच्या हाती एकच मत आहे. ते हाती घेताना भंडाऱ्याच्या त्या दुसऱ्या मताचे स्मरण आपणांस व्हावे, एवढीच एका जुन्या शिक्षकाची इच्छा आहे.