झटपट म्हणजे उपजत?

सेकंदात घेतला तो निर्णय सहजप्रेरणेचा आणि वेळ लावून घेतला तो विचाराचा, हे समीकरण डॅनियल कानेमान यांच्या २०११ सालच्या पुस्तकानंतर घरोघरी पोचले. (खुद्द कानेमान यांची मांडणी इतकी सरधोपट नव्हती.) या पूर्वपक्षाचा गाजलेला आधार म्हणजे रँड, ग्रीन आणि नोवाक यांचा २०१२ सालचा 'नेचर'मधला निबंध. चौघांच्या सामायिक निधीत किती पैसे टाकायचे, हे दहा सेकंदांच्या आत ठरवणाऱ्यांनी जास्त टाकले. निष्कर्ष निघाला: औदार्य उपजत, स्वार्थ हिशेबी.

आता माकडांकडे वळू. २००२ साली रोइटमन आणि शॅडलेन यांनी त्यांना पडद्यावर सरकते ठिपके दाखवले. निम्मे ठिपके एका दिशेने जात असले की माकड चटकन तिकडे नजर वळवी. शंभरातले जेमतेम तीन असले की बराच जास्त वेळ घेई. म्हणून पहिल्या वेळी ते प्रेरणेने वागले आणि दुसऱ्या वेळी चिंतनात बुडाले, असे कोणी म्हणत नाही. प्रक्रिया एकच, पुरावा क्षीण असला की तो पुरेसा साचायला वेळ लागतो. रॅटक्लिफ यांनी १९७८ साली स्मरणाबाबत मांडलेले गणित हेच सांगते. खाऊच्या दोन पदार्थांतून एक निवडतानाही हेच घडते: आवड जितकी तुल्यबळ, तितका उशीर.

मग औदार्यच अपवाद का असावे? २०१५ साली क्राइबिच आणि सहकाऱ्यांनी निधीतून मिळणारा परतावा तेवढा बदलून पाहिला. परतावा घसघशीत असताना देणारे झटपट ठरवत होते, तुटपुंजा असताना न देणारे. परताव्याचा आकडा हलवल्याने माणसाची उपजत वृत्ती उलटते, असे मानायचे काय?

'पण रँड यांनी लोकांना मुद्दाम घाईही करायला लावली होती,' हा आक्षेप रास्त आहे, कारण तो नुसत्या सहसंबंधाच्या पुढे जातो. तोच प्रयोग २१ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला. वेळेची अट मोडणाऱ्यांना वगळले तरच फरक दिसला. सर्वांना हिशेबात धरताच तो जवळजवळ शून्यावर आला. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी चेन आणि क्राइबिच यांनी दाखवले, की घाईत उदार माणूस अधिक उदार होतो आणि आपमतलबी अधिक आपमतलबी. घाई ज्याचा त्याचा आधीचा कल ठळक करते.

मनाचे दोन कप्पे असतीलही, पण नुसत्या घड्याळावरून ते सिद्ध होत नाहीत. यापुढे 'झटपट, म्हणून उपजत' असा दावा वाचलात, तर त्या प्रयोगातले दोन पर्याय निवडणाऱ्याच्या लेखी किती तुल्यबळ होते, ते आधी शोधा. ते मोजलेच नसेल तर दावा फेटाळायला हरकत नाही.