ओळखपत्र खिशात, नाव यादीबाहेर

आजचा एपिसोड थोडा चिडून रेकॉर्ड केलाय, सांभाळून घ्या.

२६ एप्रिल २०२४. हिंगोली लोकसभेचं मतदान. आदल्या रात्री ऑफिस आटोपून पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली, रात्रभर हाडं खिळखिळी करून घेतली आणि सकाळी गावातल्या शाळेत रांगेत उभा राहिलो. खिशात मतदान ओळखपत्र. आतल्या साहेबांनी यादीवर दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमचं नाव नाही." अहो, २०१९ला मी इथंच मत दिलं होतं! कुणी काढलं, कधी काढलं, काहीच पत्ता नाही. बाहेर आजी बोटाची शाई वाळवत बसलेली. म्हणाली, "एवढ्या लांबून आलास बापू, अन् नावच नाही व्हय?"

परतीच्या बसमध्ये झोप लागेना, म्हणून या यादीचाच इतिहास वाचत बसलो.

मार्च १९४८ मध्ये, म्हणजे राज्यघटना तयार व्हायच्याही आधी, प्रांतांना आणि संस्थानांना मतदार याद्यांच्या कामाला लागा असा निरोप गेला. तेव्हा आपलं हिंगोली निजामाच्या राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली, आणि १९५२च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या पणजोबांच्या पिढीने हैदराबाद राज्याचे मतदार म्हणून मत टाकलं. चार वर्षांत प्रजेचे मतदार! मला हे अजूनही भारी वाटतं.

पण त्या पहिल्या यादीतूनही माणसं सुटली होती. देशात साधारण १७ कोटी मतदार. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागांत अनेक बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नाव नाही तर नोंद नाही. जवळपास २८ लाख बायका यादीबाहेर गेल्या. सेन यांचं मला पटतं, कारण ओळख पटणार कशी? तरी २८ लाख हा आकडा घशात अडकतो. बिहारमध्ये त्यांनी नावं दुरुस्त करायला एक महिना वाढवून दिला होता, हेही सांगायला हवं.

आता २०१४. पुण्यात आणि मुंबईत हजारो लोक ओळखपत्र घेऊन गेले आणि तसेच परतले. एचडीएफसीचे दीपक पारेख यांचंही नाव गायब! निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी महाराष्ट्रातल्या मतदारांची माफी मागितली. पण माफीने मत परत येत नाही. कायदा असा की ओळखपत्र फक्त ओळख पटवतं, मताचा हक्क यादीतल्या नावानेच मिळतो. आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं नवीन नाव घालता येत नाही. माझ्या वेळी ती तारीख होती ४ एप्रिल. मला कळलं २६ला.

त्याच २०१४ला हिंगोलीत राजीव सातव किती मतांनी निवडून आले? १,६३२. लाखो मतांतून! एकेका बूथवर दोन-तीन नावं इकडची तिकडं झाली तरी एवढी मतं होतात.

खरं तर नाव काढायच्या आधी माणसाला नोटीस देऊन त्याचं ऐकून घ्यायला हवं. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच लाल बाबू हुसेन प्रकरणात हे बजावलंय. आमच्या कंपनीत चालू डेटाबेसमधली एक ओळ उडवायची तरी कुणी उडवली, कुणी मंजुरी दिली याची नोंद लागते. मला नोटीस आली नाही. पुण्याला राहतो म्हणून ‘स्थलांतरित’ धरलं असेल, असा गावातल्यांचा अंदाज. मग आधी कुणी विचारायचं तरी!

मे महिन्यात मोबाईलवरून फॉर्म ६ भरला. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी परत तीच ट्रॅव्हल्स, तीच शाळा. या वेळी नाव होतं, फक्त आडनावाची वेलांटी चुकली होती. साहेबांनी वर पाहिलं, ओळखपत्र पाहिलं आणि शाईची बाटली पुढे सरकवली.