काळा पाषाण आणि ग्रॅनाइट

गतवर्षी सोयऱ्यांसमवेत भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील प्राचीन देवालय पाहावयास गेलो होतो. बाराव्या शतकाच्या सुमाराचे ते शिल्प पाहून आमच्यातील एक तरुण म्हणाला, "आजोबा, ग्रॅनाइटवर काय सुरेख काम केले आहे!" पाथरवटाच्या कुळातील मुलाने असे म्हणावे, याचे मला नवल वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

अन्व्याचा दगड ग्रॅनाइट नव्हे. आपल्या जालना जिल्ह्यात सर्वत्र आढळणारा काळा पाषाण हा बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला व थरावर थर पसरत गेला. उघड्यावर तो त्वरित निवाला, म्हणून त्याचे कण इतके बारीक की डोळ्यांस वेगळे दिसत नाहीत. आपल्याकडील डोंगर सपाट माथ्याचे व पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच.

ग्रॅनाइटची जन्मकथा निराळी. तोही शिलारसच, परंतु तो पृथ्वीच्या पोटात खोलवरच राहिला आणि अत्यंत सावकाश थंड झाला. म्हणून त्यात गार, फेल्डस्पार व अभ्रक यांचे कण ठळक दिसतात. वरचे आवरण झिजून गेल्यावर तो उघडा पडतो. जालन्याहून आगगाडीने निघावे, नांदेड मागे पडून निजामाबाद जवळ येऊ लागले की एकावर एक रचल्यासारखे गोलसर धोंडे दिसू लागतात. हैदराबादेकडील तो ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, म्हणजे आपला काळा दगड त्याच्यापुढे कालचे पोर! गोवळकोंड्याचा किल्ला याच दगडाचा. तंजावरचे बृहदीश्वराचे देवालय (इ. स. १०१०) हेही ग्रॅनाइटचेच.

दगड बदलला की हत्याराची रीतही बदलते. ग्रॅनाइटमधील गार छिन्नीची धार लवकर मारते. म्हणून दक्षिणेकडील कारागीर छिद्रांची ओळ पाडून पाचरा ठोकीत, वा विस्तवाने दगड तापवून तडकावीत. आपला दगडही कठीणच, पण एकजीव व बारीक कणांचा, त्यामुळे टाकीस तो वश होतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील वेरूळचे कैलास लेणे याच दगडात वरून खाली कोरीत आणले आहे. माझे आजोबा त्याच दगडाची जाती, उखळे व पाटे घडवीत. दगडावर हातोडी वाजवून आवाजावरून ते आतील चीर ओळखीत. ती विद्या मला आली नाही. मी शाळेत खडू धरला.

आता घरोघरी ओट्यावर ग्रॅनाइटच्या फरश्या आल्या आहेत. (बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळतो तो बहुधा ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइट वा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचाच खोलवर निवालेला भाऊबंद.) आपल्यातील पुष्कळ मुले शहरांत जाऊन यंत्राने या फरश्या कापतात. नाव जुन्याच धंद्याचे, पण धूळ जुनी नव्हे. काळ्या दगडात सुटी गार जवळजवळ नसते; ग्रॅनाइटमध्ये ती सुमारे चौथा हिस्सा वा त्याहूनही अधिक असते. कोरडे कापताना तिची सूक्ष्म भुकटी फुप्फुसात शिरते व तेथे कायमचे व्रण करते. यास सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस औषधाने परत येत नाही, आणि खोकला व धाप पाहून पुष्कळदा क्षयच समजला जातो.

माझ्या पुतण्याच्या मुलाचे असेच झाले. सहा महिने क्षयाची औषधे चालली. पुढे एका डॉक्टरांनी "काम कशाचे करतोस?" असे विचारले, तेव्हा खरा रोग कळला. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ बरीच बसते. नाकातोंडावर साध्या रुमालाऐवजी बारीक धूळ अडविणारा मुखवटा लागतो. हे सर्व त्यास ठाऊक होते. परंतु मजुरी फुटावर मिळते आणि पाण्याने काम मंदावते, असे तो सांगतो. सध्या तो घरीच आहे. त्याचा धाकटा भाऊ त्याच कामावर जाऊ लागला आहे. जाताना त्याने माझ्याकडून पाण्याच्या नळीचे पैसे तेवढे नेले.