जहाजांचे वर्गीकरण : ग्रीक व्यापारी नौकानयन आणि मुंबईची 'इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग' यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. केडगावहून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही या जिल्ह्यातील साखर आणि कांदा परदेशी जातो तो समुद्रमार्गेच. माल पाठविणारा ज्या जहाजावर आपला माल चढवितो ते जहाज त्याने पाहिलेले नसते, मालाचा विमा उतरविणाऱ्यानेही पाहिलेले नसते. मग ते जहाज समुद्रात टिकेल याची हमी कोण देते? या प्रश्नाचे उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका कॉफीगृहात शोधले गेले. त्यातून 'जहाज वर्गीकरण संस्था' हा प्रकार निर्माण झाला. आपल्याकडे आर्थिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात बंदरे, जकात आणि व्यापारी कंपन्या यांचा परामर्श घेतला जातो. या संस्थांचा मात्र उल्लेखही क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात ग्रीस आणि भारत या दोन देशांनी या संस्थेशी जोडलेले नाते तपासावयाचे आहे. जगातील सर्वांत मोठा जहाजताफा ज्यांच्या मालकीचा आहे त्या ग्रीकांना पहिल्या श्रेणीची वर्गीकरण संस्था उभारता आली नाही. ज्याचा ताफा तुलनेने अगदी लहान आहे त्या भारताने ती मुंबईत उभारली. ही विसंगती या लेखाचा विषय आहे.

परवाना आणि प्रतवारी

ग्रीक नावाड्यांचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक भाषेतील प्रवासमार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा व चौल या बंदरांची आणि घाटावरील पैठण व तेर या पेठांची नावे आली आहेत. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद त्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचे मुख्य बंदर चौल हेच होते. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या ताब्यातील चौलला घातलेला वेढा प्रसिद्ध आहे.

या दीर्घ कालखंडात जहाजासोबत कागद असत, पण ते निराळ्या प्रकारचे. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' किंवा कान्होजी आंग्र्यांचे दस्तक हे जहाज कोणाच्या संरक्षणाखाली आहे एवढेच सांगत असे. जहाजाची फळी कुजली आहे की धड आहे, हे त्यावरून कळत नसे. ते ज्ञान नाखुदा, तांडेल आणि सुतार यांच्यापाशी असे आणि बंदरातील ओळखीपाळखीतून फिरत असे. ओळखीचे वर्तुळ लहान होते तोवर एवढ्यावर भागले.

लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जमणाऱ्या विमाकर्त्यांना ही ओळख अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी १७६० मध्ये एक मंडळ स्थापन केले. त्यांच्या उपलब्ध नोंदवह्यांपैकी सर्वांत जुनी १७६४-६६ ची आहे. तिच्यात जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू या स्वरांपैकी एक अक्षर आणि दोर-शिडांच्या साहित्याला चांगले, मध्यम, वाईट अशा अर्थाची अक्षरे दिलेली आहेत. काही वर्षांतच 'ए-१' ही खूण रूढ झाली. (महाविद्यालयीन वाचकांना येथे नॅकच्या श्रेण्यांची आठवण झाल्यास ती अप्रस्तुत म्हणता येणार नाही, अक्षराला अंक वा चिन्ह जोडून गुणवत्ता सांगण्याची ही रीत जहाजांच्या वहीत फार आधीपासून आहे.)

प्रतवारी म्हटली की पक्षपाताचा प्रश्न येतोच. १७९७ पासून विमाकर्त्यांनी जहाजाचे वय आणि ते कोठे बांधले गेले या दोनच निकषांवर वर्ग देण्यास आरंभ केला. टेम्सकाठी बांधलेल्या जहाजांना त्यात झुकते माप मिळाले. चिडलेल्या जहाजमालकांनी १७९९ मध्ये स्वतःची वेगळी नोंदवही काढली. दोन्ही वह्या आपापल्या बाजूच्या झाल्याने कोणाचाच भरवसा उरला नाही. अखेर १८३४ मध्ये दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन 'लॉइड्स रजिस्टर'ची पुनर्रचना केली, लाकूड व बांधणी यांविषयी लिखित नियम केले आणि स्वतंत्र सर्व्हेयर नेमले. मुंबईच्या दृष्टीने हा कालखंड बोलका आहे. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडात बांधलेली 'मिंडेन' (१८१०), 'कॉर्नवॉलिस' (१८१३) आणि 'त्रिंकोमाली' (१८१७) ही जहाजे ब्रिटिश नौदलाने घेतली. 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. जन्मस्थानावरून जहाजाची किंमत ठरविणारी वही या कारागिरीला न्याय देऊ शकत नव्हती, हे उघड आहे.

यानंतर युरोप-अमेरिकेत अशा संस्थांची मालिकाच सुरू झाली : ब्युरो व्हेरिटास (१८२८), इटलीची रिना (१८६१), अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंग (१८६२), नॉर्वेची डेट नॉर्स्के व्हेरिटास (१८६४), जर्मनीची जर्मानिशर लॉइड (१८६७). जपानची संस्था १८९९ ची.

१९१९ : दोन आरंभ

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी उभारलेल्या या कंपनीने ते ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतले होते. त्यापूर्वी ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीकडे होते. पुढे ब्रिटिश कंपन्यांनी दरयुद्ध पुकारले आणि १९२३ च्या करारान्वये सिंदियाला मुख्यतः किनारी वाहतुकीपुरते सीमित राहावे लागले. हा इतिहास आपल्याला परिचित आहे आणि ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळलाही जातो.

त्याच १९१९ मध्ये पिरियस येथे 'हेलेनिक रजिस्टर ऑफ शिपिंग' ही ग्रीक वर्गीकरण संस्था स्थापन झाली. म्हणजे भारतीयांनी जहाज मिळविले त्या वर्षी ग्रीकांनी जहाज तपासणारी संस्था मिळविली. भारताला तशी संस्था मिळण्यास आणखी ५६ वर्षे लागणार होती. परंतु पुढील शतकात चित्र उलटे झाले.

ग्रीक जहाजमालकांचे भांडवल आणि त्यांचा स्वभाव दोन्ही बेटांवरचे. खिओस बेटावरील व्यापारी घराणी एकोणिसाव्या शतकातच लंडनमध्ये स्थिरावली होती. त्यांपैकी रॅली बंधूंनी १८५१ मध्ये कलकत्त्यास व पुढील दशकात मुंबईस पेढी घातली. खानदेश-वऱ्हाडच्या कापूस व्यापारात 'रॅली ब्रदर्स' हे नाव दोन-तीन पिढ्या दबदबा राखून होते. टाटा समूहातील आजच्या 'रॅलीज इंडिया'चे नाव तेथून आले आहे. या मंडळींचा व्यवहार अथेन्सच्या सरकारपेक्षा लंडनच्या विमाबाजाराशी अधिक होता.

दुसऱ्या महायुद्धात ग्रीकांचा बहुतेक व्यापारी ताफा बुडाला. १९४७ मध्ये ग्रीक सरकारच्या हमीवर अमेरिकेकडून १०० 'लिबर्टी' जहाजे ग्रीक मालकांना मिळाली. ग्रीक खलाशी त्यांना 'आशीर्वादित' जहाजे म्हणत. वर्गीकरणाच्या इतिहासातही या जहाजांना स्थान आहे. युद्धकाळात २,७०० हून अधिक लिबर्टी जहाजे रिव्हेटऐवजी जोडकामाने, म्हणजे वेल्डिंगने, घाईघाईत बांधली गेली आणि थंड पाण्यात त्यांतील काहींचे पोलाद काचेसारखे तडकले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की दोष केवळ वेल्डिंगमध्ये नव्हता. कमी तापमानात त्या पोलादाची लवचीकता नाहीशी होत असे. पुढे वर्गीकरण संस्थांच्या नियमांत पोलादाच्या प्रती आल्या त्या या अनुभवातून.

या शंभर जहाजांवरून ग्रीकांनी जगातील प्रथम क्रमांकाचा ताफा उभारला. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या, म्हणजे मुंबईहूनही लहान अशा या देशातील मालकांकडे आज जगाच्या जहाजवहनक्षमतेपैकी १६ ते १८ टक्के क्षमता आहे. त्यांतील पुष्कळ जहाजांवर ध्वज मात्र लायबेरिया, मार्शल बेटे, माल्टा किंवा पनामा यांचा असतो. ध्वज परका चालत असेल तर वर्गीकरण संस्था स्वदेशीच हवी, असा आग्रह राहण्याचे कारण उरत नाही. लंडनचा विमाकर्ता, न्यूयॉर्कची बँक आणि तेल कंपनीचा भाडेकरू ज्या संस्थेचे प्रमाणपत्र निःशंकपणे स्वीकारील ती संस्था मालकाला हवी असे. ती लॉइड्स असे, अमेरिकन ब्युरो असे, व्हेरिटास असे. हेलेनिक रजिस्टरकडे प्रामुख्याने देशांतर्गत आणि लहान जहाजे राहिली. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण संस्थांच्या संघटनेचे (आयॅक्स, स्थापना १९६८) सदस्यत्व तिला मिळाले नाही आणि युरोपीय संघाची मान्यता मिळाली तीही मर्यादित.

मुंबईतील संस्था

भारताची वाट सरकारी धोरणातून गेली. विशाखापट्टणमच्या सिंदिया गोदीत बांधलेल्या 'जल उषा'चे जलावतरण १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९६१ मध्ये मुंबईत शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाले. जहाज आपले, गोदी आपली, कंपनी आपली. प्रमाणपत्र मात्र परकीय संस्थेचे आणि त्याचे शुल्क परकीय चलनात, अशी स्थिती होती. १९७५ मध्ये कंपनी कायद्याच्या कलम २५ खाली, नफा न वाटणारी संस्था म्हणून 'इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग' स्थापन झाली. तिचे मुख्यालय पवई येथे आहे. १९९१ मध्ये आयॅक्सचे सहयोगी सदस्यत्व, २०१० मध्ये पूर्ण सदस्यत्व आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाची मान्यता, असा तिचा प्रवास आहे. स्थापनेपासून पूर्ण सदस्यत्वापर्यंत ३५ वर्षे गेली. युरोपीय संघाच्या मान्यतेला विशेष अर्थ आहे : संघाचे सदस्यराष्ट्र आपल्या ध्वजाखालील जहाजांची वैधानिक तपासणी केवळ संघमान्य संस्थेकडेच सोपवू शकते. त्यामुळे ज्या मुंबईत रॅली बंधूंनी पेढी घातली, तेथील संस्थेला ग्रीक ध्वजाच्या जहाजांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला.

येथे वर्गीकरण आणि वैधानिक तपासणी यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. वर्गीकरण सांगाडा, यंत्रे व बांधणी यांविषयी असते. वार्षिक पाहणी, पाच वर्षांनी विशेष सर्वेक्षण, सुक्या गोदीत तळाची पाहणी, पत्र्याची जाडी मोजणे हे त्याचे स्वरूप. प्रवासीसंख्या, जीवरक्षक साधने, भाररेषा या गोष्टी सरकारच्या अखत्यारीतील असून सरकार त्यांतील काही कामे संस्थेकडे सोपविते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घराघरांत ही घटना अजून सांगितली जाते. अशा दुर्घटनेत एकटा सांगाडा मजबूत असून भागत नाही. पावसाळी समुद्रात बोट सोडावी की नाही हा निर्णय कोणत्याही वर्गाच्या प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो.

शुल्क कोण देतो?

या व्यवस्थेतील मूळ अडचण १७९९ पासून तीच आहे. ज्याच्या जहाजाची परीक्षा व्हावयाची तोच परीक्षकाला शुल्क देतो आणि निकाल न रुचल्यास दुसऱ्या परीक्षकाकडे जाऊ शकतो. आयॅक्सच्या नियमांनी या संस्थांतराला बराच आळा घातला, तरी अडचण मिटलेली नाही.

'प्रेस्टिज' या तेलवाहू जहाजाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९७६ मध्ये जपानात बांधलेले, ग्रीक कुटुंबाच्या नियंत्रणाखालील, बहामाच्या ध्वजाचे आणि अमेरिकन ब्युरोने वर्गीकृत केलेले हे जहाज सुमारे ७७,००० टन जड तेल घेऊन जात असता १९ नोव्हेंबर २००२ रोजी स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यासमोर दुभंगून बुडाले. त्याचे विशेष सर्वेक्षण २००१ मध्ये चीनमध्ये आणि वार्षिक पाहणी २००२ मध्ये दुबईत झाली होती. स्पेनने न्यूयॉर्कच्या न्यायालयात ब्युरोवर दावा लावला. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, तो अंतिमतः फेटाळला गेला. ग्रीक कप्तान अपोस्तोलोस मंगुरास यांना मात्र २०१६ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी आश्रयासाठी बंदर मागितले होते आणि ते नाकारून जहाज खोल समुद्रात लोटले गेले होते, हे ध्यानात घेता हा निकाल न्याय्य वाटत नाही. याउलट डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'एरिका' प्रकरणी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच वर्गीकरण संस्थेला, म्हणजे रिनाला, उत्तरदायी ठरविले. एकाच वर्षी दोन देशांच्या न्यायालयांनी एकाच प्रश्नाला परस्परविरुद्ध उत्तरे दिली. मालधन्यांपुरते बोलायचे तर इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्येच वर्गीकरण संस्थेचे त्यांच्याप्रती दक्षतेचे दायित्व नाकारले होते. कांदा वा साखर पाठविणाऱ्या आपल्याकडील निर्यातदाराच्या दृष्टीने तो निर्णय अधिक जवळचा आहे.

प्रमाणपत्राला राजकीय वजन किती असते, हे २०२२ मध्ये मुंबईच्या संस्थेच्या संदर्भात दिसले. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये आयॅक्सने रशियन संस्थेचे सदस्यत्व काढून घेतले आणि युरोपीय संस्थांनी रशियन जहाजांचे काम थांबविले. त्याच वर्षी जूनमध्ये, सोव्हकॉमफ्लोट या रशियन सरकारी कंपनीच्या दुबईस्थित उपकंपनीच्या अनेक जहाजांना इंडियन रजिस्टरने वर्ग दिल्याचे आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केले. जहाजे तीच होती, पोलाद तेच होते. वर्गाविना त्यांना विमा मिळाला नसता आणि बंदरांत प्रवेशही मिळाला नसता. त्याच काळात रशियन तेलाची पुष्कळशी वाहतूक ग्रीक मालकांची जहाजेही करीत होती, आणि डिसेंबर २०२२ पासून पाश्चात्त्य राष्ट्रांनी ठरविलेल्या पिंपामागे ६० डॉलरच्या मर्यादेत ती कायदेशीरही होती. त्या जहाजांच्या प्रमाणपत्रांवर पूर्वीप्रमाणेच लंडन, ह्यूस्टन आणि ऑस्लो येथील संस्थांच्या मुद्रा होत्या.