आभासी वास्तवाचे खेळ आणि पक्षाघातानंतरचा हात

पक्षाघाताने लुळा पडलेला हात सावरायला एकच हालचाल पुनःपुन्हा करावी लागते आणि रुग्ण तिथेच कंटाळतो. १९९०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीच्या ‘एमआयटी-मॅनस’ यंत्राची मूठ धरून रुग्ण पडद्यावरच्या खुणेकडे हात नेई. बळ कमी पडल्यास यंत्र मदत करी. २००६ साली ‘निन्टेन्डो वी’ आला आणि हात हलवून खेळायचे खेळ घरोघरी पोहोचले. पुढे गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या गटाने १४१ रुग्णांवर चाचणी घेतली : नेहमीच्या उपचारांखेरीज काहींना वी, इतरांना पत्ते, डॉमिनो. २०१६ साली निष्कर्ष आला. दोन्ही गटांतील सुधारणेत लक्षणीय फरक नव्हता. म्हणून विद्यार्थ्यांनो, असे उपकरण आखताना रुग्ण रोज किती वेळा हात उचलेल, हे आधी पाहावे. चित्राचा झगमगाट नंतर.